जुन्या गाडीच्या दारातला चिरलेला पत्रा: दुरुस्ती आणि मजबुतीकरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, मालवण, दापोली आणि आसपासच्या किनारी गावांतून पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहून जुनी गाडी हौसेने अथवा गरजेने वापरणारे लोक दारांविषयी जे प्रश्न सतत पाठवत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८००, जिप्सी आणि जुन्या जीप यांची नावे त्यांत सर्वाधिक येतात. तपशील गाडीगणिक बदलतो, पण दाराचा आतला पत्रा चिरण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. उत्तरांची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दार उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि लावताना ते थोडे उचलावे लागते. आतला पत्रा चिरला आहे की बिजागरी झिजली आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

दार अर्धे उघडा, लॉकच्या बाजूने खालून दोन्ही हातांनी धरा आणि हळूहळू वर-खाली हलवा. त्या वेळी दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे पाहायला सांगा. बिजागरीची दोन पाती एकमेकींपासून हलत असतील, तर पिन किंवा तिच्याभोवतीची नळीसारखी बुश झिजली आहे. बिजागरी स्थिर आहे, पण तिच्या भोवतालचा पत्रा आत-बाहेर होतो आहे, असे दिसले तर चीर तेथेच आहे. पुष्कळदा दोन्ही दोष एकत्र सापडतात, कारण झिजलेल्या पिनेमुळे दार लोंबते आणि पत्र्यावर तिरका ताण येतो. आवाज दार पूर्ण उघडण्याच्या बेतात येत असेल, तर आधी स्टॉपरची, म्हणजे दाराला ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू न देणाऱ्या भागाची, जागा तपासावी.

चीर रंगाखाली लपलेली असते तेव्हा केसासारखी तांबूस रेघ तेवढी दिसते. खात्री करायची असेल तर त्या जागी थोडे डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या आणि वर खडूची भुकटी भुरभुरवा. चिरेत शिरलेले डिझेल बाहेर पाझरते आणि पांढऱ्या भुकटीवर चिरेची रेघ ओली उमटते. ही जुनी युक्ती आजही उत्तम चालते, आणि चीर कुठे संपते हे तिच्यामुळे कळत असल्याने प्रश्न ६ मधील कामासाठीही ती उपयोगी पडते. मात्र वेल्डिंगपूर्वी हे डिझेल थिनरने पूर्ण धुऊन काढावे आणि थिनर उडून जाईपर्यंत थांबावे.

२. चीर साधारणपणे कुठे कुठे पडते?

सर्वाधिक चिरा दाराच्या पुढच्या उभ्या कडेवर, स्टॉपर जेथे बोल्टने बसवलेला असतो त्या भोकांपासून सुरू होतात. त्याखालोखाल वरच्या बिजागरीच्या बोल्टांभोवती, आणि मग खिडकीची चौकट दाराच्या मुख्य भागाला जेथे मिळते त्या कोपऱ्यात. दार लावताना चौकटीचा वरचा भाग धरून ओढण्याची सवय असेल, तर हा कोपरा हमखास चिरतो. काच मशीनच्या, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रूंभोवती पडणाऱ्या चिरा लहान असतात, पण काच वाकडी चढू लागते आणि मशीनवर भार येतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढच्या त्रिकोणी काचेच्या उभ्या दांड्याचा खालचा आधारही पाहून घ्यावा.

३. पण पत्रा चिरतोच का? आमच्या पुण्याच्या नातेवाइकांची तेवढीच जुनी गाडी धड आहे.

दाराचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. तो एका झटक्यात सहसा फाटत नाही. हजारो वेळा थोडा थोडा वाकून तो थकतो, भोकाच्या काठावर सूक्ष्म चीर सुरू होते आणि प्रत्येक उघडझापीबरोबर ती पुढे सरकते. ही थकवट सगळीकडच्या गाड्यांना असते, पण किनाऱ्यावर तिला गंजाची जोड मिळते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्त असते, म्हणजे दाराच्या आत बसलेला खारा थर पाऊस थेट लागला नाही तरी ओलाच राहतो. कोरड्या हवेत जी चीर वर्षानुवर्षे जिथल्या तिथे थांबली असती, ती येथे गंजाने आतून पोखरली जाऊन वाढत जाते.

याला आपल्या वापराची जोड असते. घरे उतारावर असल्याने गाडी उतरत्या तोंडाने उभी राहते, दार उघडले की ते स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन स्टॉपरवर आदळते. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर वाऱ्याच्या बाजूचे दार निष्काळजीपणे उघडले, तर तो एकच हिसका वर्षभराच्या वापराइतका ताण देऊन जातो. त्यात आंबा-फणसाच्या झाडाखाली गाडी लावली की मोहोर, पाला आणि तांबडी माती काचेच्या फटीतून आत उतरते आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजवते.

४. दाराचा पॅड (आतल्या बाजूचे पुठ्ठ्याचे आच्छादन) काढताना मोडू नये म्हणून काय करावे?

काच फिरवायच्या हँडलमागे काही गाड्यांत स्क्रू असतो, तर काहींत घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप. क्लिप असेल तर हँडल आणि पॅड यांच्यामध्ये फडक्याची पट्टी घालून ती दोन्ही टोकांनी आलटून पालटून ओढावी, म्हणजे क्लिप उडून बाहेर येते. ती कुठे पडते यावर मात्र लक्ष ठेवावे. पॅडच्या कडेच्या क्लिपा रुंद, बोथट पट्टीने क्लिपच्या अगदी जवळून उचलाव्यात. जुन्या पॅडचा पुठ्ठा ओलाव्याने मऊ झालेला असतो आणि लांबून ओढल्यास फाटतो. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद जपून काढून ठेवावा. तो फाटलेला असेल तर नवा जाड प्लॅस्टिक कागद कापून लावावा, कारण पॅडकडे येणारे पाणी अडवून खाली भोकांकडे नेणे हेच त्याचे काम आहे.

५. वेल्डिंगसाठी काच आणि दार दोन्ही काढावेच लागतात का?

काच काढावी, निदान पूर्ण वर चढवून ओल्या जाड फडक्याने झाकावी. वेल्डिंगच्या ठिणगीचे तापलेले कण काचेत रुतून बसतात आणि ते डाग कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. दाराच्या आत आवाज कमी करण्यासाठी चिकटवलेले डांबरी पॅड पेट घेतात, म्हणून वेल्डिंगच्या जागेभोवतालचे पॅड खरवडून काढावेत आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक असलेल्या गाडीत वायरिंग आधी बाजूला घ्यावे.

दार गाडीवरच असताना स्टॉपरच्या जागेचे काम होऊ शकते. बिजागरीजवळची चीर असेल तर दार उतरवलेलेच बरे. उतरवण्याआधी बिजागरीभोवती टोकदार खिळ्याने बारीक रेघ मारून ठेवावी, म्हणजे परत बसवताना फटी जुळवण्यात दिवस जात नाही. गाडीवरच वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीची ऋण तार सोडावी आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणाऱ्या तारेचा चिमटा) चिरेच्या अगदी जवळ, त्याच दाराच्या उघड्या पत्र्यावर लावावा. क्लॅम्प दूर बॉडीवर लावला तर करंट बिजागरीतून आणि लॉकमधून जातो आणि त्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर खड्डे पाडतो.

६. चिरेच्या टोकाला भोक पाडायला सांगतात. आधीच फाटलेल्या पत्र्याला आणखी भोक कशासाठी?

चिरेचे टोक अतिशय तीक्ष्ण असते आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो. तेथे ३ मिलिमीटरचे गोल भोक पाडले की तो ताण भोकाच्या परिघावर पसरतो आणि चीर पुढे धावत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या टोकापेक्षा खरे टोक किंचित पुढे असते, म्हणून भोक दिसणाऱ्या टोकाच्या जरासे पुढे घ्यावे. भोकाची कडा गोल कानशीने गुळगुळीत करावी आणि मग चिरेसह भोकही वेल्डिंगने भरावे. नुसते भोक पाडून काम सोडून देणे ही दुरुस्ती नव्हे, तो फक्त काही दिवसांचा अवधी आहे.

७. गावातल्या गॅरेजमध्ये गॅस वेल्डिंग आणि साधे आर्क वेल्डिंग मिळते. सीओटू वेल्डिंगसाठी (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणाऱ्या वेल्डिंगसाठी) तालुक्याच्या ठिकाणी जावे लागेल. फरक खरोखर एवढा आहे का?

आहे. साधे आर्क वेल्डिंग या कामासाठी टाळावे. रॉडची उष्णता एवढ्या पातळ पत्र्याला झेपत नाही, भोके पडतात आणि ती भरता भरता मूळ चिरेपेक्षा मोठे ठिगळ होते. सीओटू वेल्डिंगमध्ये ०.८ मिलिमीटरची तार घेऊन, कमी करंटवर, एका वेळी सेकंदभराचा टाका मारून लगेच थांबता येते. पुढचा टाका शेजारी न घेता चिरेच्या दुसऱ्या टोकाकडे घ्यायचा, मग मध्ये, असे करत रेघ पूर्ण करायची. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि वितळलेला धातू खाली गळत नाही. दुपारी खारा वारा सुटला की उघड्यावरचे सीओटू वेल्डिंग बिघडते, कारण वारा संरक्षक वायू उडवून लावतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात. सकाळी किंवा आडोशाला काम करून घ्यावे.

गॅस वेल्डिंगचा सांधा मऊ आणि चिवट असतो आणि कसलेला कारागीर ते देखणे करतो, हे मान्य केलेच पाहिजे. अडचण अशी की उष्णता खूप मोठ्या भागात पसरते, पत्रा लाटांसारखा वाकडा होतो आणि बाहेरचा रंग जळतो. गॅसनेच करायचे ठरले तर पितळी झाळ (पितळ वितळवून सांधा जोडणे) हा मधला मार्ग आहे, कारण ती पोलाद वितळण्याच्या खूप खालच्या तापमानावर बसते. मात्र दोन अटी पाळाव्यात. झाळीनंतर उरलेला फ्लक्स (झाळताना लावलेली भुकटी) गरम पाण्याने घासून पूर्ण काढावा, नाहीतर तोच पुढे गंज आणतो. आणि एकदा पितळ गेलेल्या जागी पुन्हा सीओटू वेल्डिंग करायचे झाल्यास पितळ घासून समूळ काढावे, कारण वितळलेल्या पोलादात पितळ मिसळले की सांधा ठिसूळ होतो आणि थंड होतानाच तडकतो.

८. चीर वेल्ड केली. वर पट्टी लावायची ती किती मोठी आणि किती जाड?

सर्वाधिक चुका होतात त्या इथेच. चीर बुजवल्याने पत्रा पूर्वीइतका होतो, आणि पूर्वीचा पत्राच तर चिरला होता. म्हणून ताण मोठ्या क्षेत्रावर वाटून देणारी पट्टी हवी. पण ‘जितकी जाड तितकी मजबूत’ असे समजून ३ मिलिमीटरची पट्टी ठोकली, तर ती स्वतः वाकत नाही, सगळे वाकणे तिच्या कडेला एकवटते आणि काही महिन्यांत पट्टीच्या काठाने नवी, सरळ चीर पडते. मूळ पत्रा २० किंवा २२ गेजचा असेल तर पट्टी १८ गेजची, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरची, पुरेशी होते. पट्टी चिरेच्या दोन्ही टोकांपुढे आणि दोन्ही बाजूंना किमान २५ ते ३० मिलिमीटर गेली पाहिजे. तिचे कोपरे गोल करावेत, कारण चौकोनी कोपरा म्हणजे नव्या चिरेला दिलेले आमंत्रण असते.

स्टॉपरच्या जागेसाठी सपाट पट्टीपेक्षा काटकोनात वाकवलेला तुकडा फार चांगला. त्याची एक बाजू दाराच्या पुढच्या कडेला आतून बसते, दुसरी पॅडखालच्या मोठ्या पत्र्यावर. स्टॉपरचा हिसका मग एकाच पातळीवर न पडता दोन पातळ्यांत वाटला जातो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा, स्टॉपरच्या बोल्टांची भोके त्याच्यावर आखून घ्यावीत, आणि काच व लॉकचा दांडा त्याला कुठेही घासत नाही ना, हे हाताने फिरवून तपासावे. हा अर्धा तास वाचवू नये.

पट्टी बसवताना तिला ६ ते ८ मिलिमीटरची भोके साधारण तीन-तीन सेंटिमीटरवर पाडून त्यांतून खालच्या पत्र्याला टाके भरावेत, आणि कडेला सेंटिमीटरभराचे तुटक टाके मारावेत. कडेने अखंड वेल्डिंगची रेघ ओढू नये. एकमेकांवर बसणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना आधीच जस्तयुक्त वेल्डिंग प्रायमर लावावा, कारण नंतर त्या फटीत ब्रश पोहोचत नाही. पट्टीसाठी साधा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरायचा झाल्यास वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त घासून काढावे आणि काम उघड्या हवेत करावे, कारण जस्ताच्या धुराने ताप आणि अंगदुखी होते.

९. वेल्डिंग न करता रिव्हेट मारून काम भागेल का?

लहान चीर असेल, भोवतालचा पत्रा निकोप असेल आणि जागा काच मशीनची किंवा चौकटीच्या आधाराची असेल, तर भागते. प्रश्न ६ प्रमाणे टोके थांबवावीत, प्रश्न ८ प्रमाणे पट्टी कापावी, मध्ये धातूसाठीचा दोन घटकांचा इपॉक्सी चिकटद्रव पूर्ण पृष्ठभागावर पसरवावा आणि मग ४.८ मिलिमीटरचे रिव्हेट मारावेत. रिव्हेट पोलादाचेच घ्यावेत. दुकानात सहज मिळणारे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट पोलादी पत्र्यात मारले की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते आणि रिव्हेट ढिले पडतात. डोंगरावरच्या गावात याने फारसे बिघडत नाही, बंदराजवळच्या गावात लवकर बिघडते. बिजागरीच्या जागी मात्र रिव्हेटवर विसंबू नये.

१०. चिरेत लांबी (पुट्टी) किंवा फायबर भरून वरून रंग मारला तर?

नको. लांबी आकार भरते, ताण सोसत नाही. दार दहा वेळा लावले की ती चिरेच्याच रेघेने तुटते आणि मधल्या काळात आत पाणी धरून ठेवते.

११. चिरेभोवती गंजही आहे. किती पत्रा कापावा?

तारेच्या ब्रशने घासल्यावर चकचकीत धातू दिसेपर्यंत मागे जावे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा दबला किंवा टोक आरपार गेले, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागेल. पोखरलेल्या पत्र्यावर टाका धरत नाही, उलट भोक मोठे होत जाते. घासण्याआधी गोड्या पाण्याने धुवावे, कोरडे करून घासावे आणि पुन्हा धुवावे. गंजाच्या खड्ड्यांत बसलेले मीठ एका धुण्यात निघत नाही, आणि ते राहिले तर त्यावरचा उत्तमातला उत्तम प्रायमरही फुगून येतो. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते यासाठी वापरू नये.

१२. वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइड प्रायमर मारून पॅड लावला. आणखी काय हवे?

किनाऱ्यावर दुरुस्तीचे निम्मे आयुष्य या टप्प्यावर ठरते, आणि नेमका हाच टप्पा घाईने उरकला जातो. साधा रेड ऑक्साइड ओलावा पूर्ण रोखत नाही. वेल्डिंगचा काळा थर आणि कण घासून काढावेत, थिनरने पुसावे आणि दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. पट्टीच्या चारही कडांना सीम सीलंट (सांधे बुजवणारा लवचीक लेप) भरावे, म्हणजे प्रश्न ८ मध्ये सोडलेल्या तुटक टाक्यांमधून पाणी शिरणार नाही. त्यावर रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावर दाराच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारे मेण) फवारावे. फवारताना तळाची भोके बुजू देऊ नयेत. नंतर प्रत्येक भोकात तार फिरवून पाहावी आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली मोकळे गळते की नाही, हे तपासावे.

१३. जळके ऑइल दारात ओतले तर गंज थांबतो, असे जुने ड्रायव्हर सांगतात. खरे आहे का?

तेलाचा थर काही काळ पाणी अडवतो, एवढे खरे आहे. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात, ते रबरी पट्ट्या फुगवते, पॅडवर डाग पाडते आणि धूळ धरून चिखल करते. शिवाय पुढे कधी त्या दाराला वेल्डिंग करायचे झाले, तर तेल पेटण्याचा धोका राहतो. वॅक्स महाग पडते हे मान्य आहे, पण एका दाराला ते थोडेच लागते.

१४. वर्षातले कोणते दिवस या कामाला बरे?

दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात घासून चकचकीत केलेला पत्रा काही तासांतच तांबूस होतो आणि प्रायमरखाली ओलावा कोंडला जातो. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे गॅरेजमध्ये गाड्यांची रांग असते, तेव्हा कुणालाही सावकाश काम करता येत नाही. अगदी अडले तर पावसाळ्यात वेल्डिंग आणि प्रायमर एकाच बैठकीत उरकून घ्यावेत, पत्रा आधी हलका शेकून कोरडा करावा, आणि वॅक्सचे काम दिवाळीनंतर करावे.

१५. दुरुस्ती केली, पण सहा महिन्यांत शेजारीच नवी चीर पडली. कारागीर वाईट होता का?

तसेच असेल असे नाही. तीन गोष्टी तपासाव्यात. पट्टी फार जाड किंवा चौकोनी होती का, ते प्रश्न ८ वरून कळेल. बिजागरीची पिन तशीच झिजलेली ठेवली होती का, ते प्रश्न १ मधल्या चाचणीने कळेल. तिसरी गोष्ट स्टॉपरची: त्याचा रोलर अडकत असेल, रबर गेले असेल किंवा त्यात ग्रीस नसेल, तर प्रत्येक उघडण्याला तोच हिसका बसतो. ज्या कारणाने पहिली चीर पडली ते कायम असेल, तर नवा पत्राही त्याच वाटेने जाणार. दाराच्या दुरुस्तीबरोबर पिन, बुश आणि स्टॉपर बदलायला कारागिराने सांगितले तर तो बिल वाढवतो आहे, असे मानू नये.

१६. मग स्टॉपरच काढून टाकला तर?

दार मोकळे होऊन फेंडरवर आदळेल, आणि जो ताण स्टॉपर घेत होता तो बिजागरीच्या बोल्टांवर जाईल. तेथली चीर स्टॉपरजवळच्या चिरेपेक्षा दुरुस्तीला कितीतरी कठीण असते.

१७. आतून वेल्डिंग केले तर बाहेरचा रंग जळेल का?

दाराच्या पुढच्या कडेवर काम असेल तर बाहेरचा पत्रा दोन-तीन सेंटिमीटरवरच असतो. त्याच्या आतल्या अंगाला ओले फडके किंवा ओली माती थापून ठेवावी आणि प्रत्येक टाक्यानंतर बाहेरून हात लावून पाहावा. हात सहन होईना इतका पत्रा तापला तर थांबावे. आतला आणि बाहेरचा पत्रा जेथे एकमेकांवर दुमडलेले असतात त्या कडेजवळची चीर असेल, तर रंग वाचणे कठीण आहे, आणि हे आधीच ठरवून कडेच्या रंगाचा खर्च धरावा.

१८. दाराच्या पोकळीत आडवा जाड पाइप आहे आणि चीर त्याच्या टोकाजवळ आहे. तेथे वेल्ड करता येईल का?

तो पाइप बाजूने बसणाऱ्या धडकेपासून संरक्षण देतो आणि अनेक गाड्यांत तो उच्च बलाच्या पोलादाचा असतो. असे पोलाद तापले की त्याची ताकद उतरते, आणि हा बदल बाहेरून दिसत नाही. पाइपाला किंवा त्याच्या टोकाच्या कंसाला उष्णता लागेल अशी दुरुस्ती करू नये. अशा वेळी निकोप वापरलेले दार शोधणे अधिक सुरक्षित आहे. ते घेताना पॅड काढून प्रश्न २ मधल्या सर्व जागा आणि तळाची दुमड तपासूनच पैसे द्यावेत, कारण त्याच किनाऱ्यावर आयुष्य काढलेले दार तुमच्या दारापेक्षा बरे असेलच, असे नाही.

१९. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुरात गाडी बुडाली होती. इंजिनाचे काम तेव्हाच केले, दारे तशीच आहेत. आता काही करण्यासारखे आहे का?

आहे, आणि ते लवकर करावे. पुराचा गाळ दाराच्या तळाशी घट्ट बसतो आणि ओलावा सोडत नाही. प्लॅस्टिक कागद काढून टॉर्चने आत पाहा. गाळ लाकडी पट्टीने सैल करून भोकांतून पाण्याने बाहेर काढा, दोन-तीन दिवस उन्हात दारे उघडी ठेवून वाळू द्या आणि मगच चिरा शोधा. अशा दारात चीर बहुधा वर स्टॉपरजवळ आणि गंज खाली तळाशी, अशी दोन वेगळी कामे निघतात. तळ पोखरला असेल तर आधी तो, मग चीर, कारण तळाचा पत्रा कापताना बसणारे हादरे ताज्या टाक्यांना लागू नयेत.

२०. मुंबईहून गावी येताना वाटेत स्टॉपरजवळचा पत्रा फाटला. गॅरेज मिळेपर्यंत काय करावे?

त्या दाराने चढ-उतार बंद करावी आणि शक्य असेल तर ते आतून लॉक करून दुसऱ्या बाजूने उतरावे. ते उघडावेच लागणार असेल, तर आतल्या हँडलच्या कंसाला नायलॉनचा मजबूत पट्टा बांधून त्याचे दुसरे टोक सीटच्या पायाला असे बांधावे, की दार पूर्ण उघडण्याच्या बरेच आधी पट्टा ताणला जाईल. फाटलेल्या कडा धारदार असतात, म्हणून त्यावर जाड चिकटपट्टी लावावी आणि मुलांना त्या दाराशेजारी बसवू नये. पट्टा बांधलेला असला तरी उतारावर किंवा वाऱ्यात ते दार हाताने धरूनच उघडावे.